मोटारीतून मोट

फैजपूरला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पूर्वी यायच्या त्या पाच हॉर्सपॉवरच्या मोनोब्लॉक, म्हणजे मोटार आणि पंप एकाच बॉडीत, दोन माणसांनी धापा टाकत आत आणायच्या. आता येतात त्या बोअरच्या पाण्यात बुडून चालणाऱ्या लांबुळक्या सबमर्सिबल. केळीला पाणी देणं थांबत नाही, पाणी मात्र खाली खाली गेलं. विहिरी सुटल्या, बोअर आले आणि मोनोब्लॉक माझ्या मागच्या पत्र्याखाली येऊन पडल्या. "राहू द्या तुमच्याकडेच, तांब्याचं काय ते वळतं करून घ्या," असं सांगून माणूस निघून जायचा. तांबं विकलं जातं. मागे उरते बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची बॉडी, शाफ्ट आणि इंपेलर, ज्याला आम्ही नुसतं पंखा म्हणतो.

त्या ढिगातून मी मोट बनवली, बैल लावून विहिरीचं पाणी ओढायची जुनी मोट असायची तिची प्रतिकृती. हँडल फिरवलं की चालणारी, दोन बैलांची.

पहिला धडा बीडाने दिला. साधा रॉड लावून जोड मारला, दिसायला झकास. हात धुऊन चहाला बसलो तर मागून 'टिंग' आवाज. थंड होताना जोडाच्या शेजारीच तडा. बीड आधी सगळं तापवावं लागतं, वेल्डिंगनंतर राखेत पुरून सावकाश निवू द्यावं लागतं, आणि निकेलचा रॉड खिशाला परवडत नाही. म्हणून बीड असेल तिथे मी सरळ भोक पाडून बोल्ट मारतो. ओळखायचं कसं, तर ग्राइंडरला टेकवायचं. बीडाची ठिणगी आखूड, तांबूस, जागच्या जागी विझणारी. लोखंडी पट्टीची लांब आणि पिवळी. आणखी एक, जस्त चढवलेला जीआय पाइप वेल्ड करायचा तर जस्त घासून काढा आणि उघड्यावर बसा. मी बसलो नव्हतो. रात्री थंडी वाजून ताप भरला, बायकोला वाटलं मलेरिया.

खरा घोळ पायांत झाला. एका पायाला चार अंतरं सांभाळायची असतात. फिरणारा क्रँक ६० मिलिमीटर, जोडपट्टी १००, पाय ८० आणि दोन खिळ्यांमधलं अंतर १३०. हँडल अर्ध्यावर जाऊन अडकायचं. मी बेअरिंग बदललं, ग्रीस भरलं, शिव्या दिल्या. शेवटी डिप्लोमा करणारी पुतणी आली, कागदावर चार आकडे लिहिले आणि म्हणाली, "काका, सगळ्यात आखूड आणि सगळ्यात लांब यांची बेरीज उरलेल्या दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त झाली तर पूर्ण फेरा बसतच नाही." १९० आणि १८०. दहा मिलिमीटरसाठी मी आठवडा घालवला होता. क्रँक ४० चा केला, पाय सुटले. आता ते जरा जास्तच उचलतात, बैल लेझीम खेळतात असं दिसतं. राहू दिलं.

हे काम जगात पूर्वीच झालंय, हेही पुतणीनेच मोबाइलवर दाखवलं. स्वित्झर्लंडचा शिल्पकार जाँ टिंगली. १९६० साली न्यूयॉर्कच्या म्युझियमच्या बागेत त्याने भंगाराचं असं यंत्र उभं केलं की ते स्वतःलाच मोडत गेलं. २७ मिनिटांत खेळ आटोपला, आग विझवायला बंबवाले. मला ते काही पटलं नाही, मोडायला काय लागतं! पण १९७७ साली बाझल शहरात त्याने पाडलेल्या नाट्यगृहाच्या जुन्या यंत्रसामग्रीतून कारंजं केलं, त्यातले लोखंडी सांगाडे पाणी उडवत हलतात. ते मी चारदा पाहिलं. आणि आमच्या गावाला तरी हे नवं कुठे आहे? १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी चित्रकार नंदलाल बोस इथे आले होते. गांधीजींनी सांगितलं होतं, जे गावात मिळतं त्यातूनच करा. नंदलालबाबूंनी अधिवेशनाचं नगर बांबूतून उभं केलं. आता गावात मोनोब्लॉक मिळतात.

पोळ्याला मोट दुकानाबाहेर ठेवली. पोरं हँडल फिरवायची, बैल पाय उचलायचे, पंख्याची मोट साखळीने वर यायची. वर आली की धाडकन खाली पडावी म्हणून मी एका गिअरचे निम्मे दात घासून टाकले होते. पोरांना तो आवाज फार आवडला.

एक म्हातारबाबा मात्र बराच वेळ कमरेवर हात ठेवून पाहत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, मोट अशी पडते का कधी? फुटून जाईन ना. बैल उलटे चालत मांगे यायचे धावेवर, तशी उतरायची हळूहळू." त्यांनी हँडल धरलं, मोट वर येऊ दिली आणि दात संपायच्या आधीच उलटं फिरवायला लागले. बैल खरोखरच मागे चालायला लागले. हे मला वर्षभरात सुचलं नव्हतं.

पाचव्या फेऱ्याला डाव्या बैलाचा पुढचा पाय निखळून रस्त्यावर पडला. क्रँकचे नट मी एकाच दिशेचा विचार करून आवळले होते, उलट फिरवल्यावर ते सुटत गेले. बाबा ओशाळले. मी म्हटलं, चूक माझी आहे, बसा, चहा घ्या. दुसऱ्या दिवशी आठही पायांच्या नटांना आरपार भोक पाडून स्प्लिट पिना घातल्या आणि त्या गिअरचे दात परत भरायला घेतले.