मंजिष्ठेच्या वेलीसाठी केळघरच्या घाटातून

आयुर्वेदाच्या काढ्यांत जिचे नाव वारंवार येते आणि सुती कापडाला जिच्या मुळांनी लाल रंग चढतो, ती मंजिष्ठा मी आजवर केवळ काष्ठौषधींच्या दुकानात, वाळक्या काटक्यांच्या रूपात पाहिली होती. घरी कापड रंगवणाऱ्या माझ्या आत्यांना ती जिवंत पाहायची होती, म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही दोघे साताऱ्याहून मेढा आणि केळघर घाटमार्गे महाबळेश्वरला गेलो. वाई-पाचगणीच्या रस्त्यापेक्षा या बाजूला वर्दळ कमी असते आणि मध्येच थांबून झाडोरा न्याहाळता येतो. पाऊस ओसरलेला असल्याने जळवांचा त्रास झाला नाही. ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी तो गृहीत धरावा.

वेल सापडली ती क्षेत्र महाबळेश्वरच्या पुढे, रानाच्या कडेला असलेल्या करवंदीच्या जाळीवर, आणि तीही डोळ्यांना नव्हे, तर आत्यांच्या लोकरी शालीला. शाल अडकली, सोडवताना दोन धागे निघाले. खोड चौकोनी असून त्याच्या धारांवर मागे वळलेले बारीक आकडे असतात, त्यामुळे बोट फिरवले की मांजराच्या जिभेसारखे खरखरीत लागते. पेऱ्यावर हृदयाकृती पानांची चौकडी दिसते. प्रत्यक्षात त्यांतली दोनच पाने खरी, उरलेली दोन पानांसारखी वाढलेली उपपर्णे होत. फुले हिरवट पांढरी आणि इतकी लहान, की भिंग नसते तर आम्ही ती पाहिलीच नसती. काही फळे पिकून काळपट जांभळी झाली होती. जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे जाड सुती कपडे घालावेत, लोकर घरी ठेवावी आणि या रानांत गवे फिरत असल्याने सकाळी उजाडण्यापूर्वी किंवा तिन्हीसांजेनंतर पायवाटेने जाऊ नये.

मुळे उकरण्याचा मोह होतो, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. परंतु रंग मुळांतच साठलेला असल्याने तो घ्यायचा म्हणजे वेलच संपवायची, शिवाय राखीव जंगलातून काहीही उपटणे हा गुन्हा आहे. म्हणून आम्ही फोटो काढले आणि परतताना साताऱ्यात वाळकी मंजिष्ठा विकत घेतली. घेताना तुकडा मोडून पाहावा: बाजारात मुळांसोबत वेलीच्या खोडाचे तुकडेही मिसळलेले असतात आणि त्यांत रंग कमी निघतो. तुकडा आतून तांबूस असेल तरच घ्यावा.

घरी आत्यांनी कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवले, मग तुरटीच्या, आणि रात्रभर भिजवलेली कुटलेली मुळे कापडाच्या वजनाइतकी घेऊन मंद आचेवर तापवली. पाणी खळखळून उकळू देऊ नये, कारण त्याने लाल रंग तपकिरीकडे झुकतो. पहिला तुकडा आम्ही फिल्टरच्या पाण्यात रंगवला, तो फिकट नारिंगी निघाला. दुसरा बोअरवेलच्या जड पाण्यात, आणि तो विटकरी लाल झाला. पाण्यातला चुना या रंगाला मानवतो, हे आत्यांना ठाऊक होते, तरी मला प्रत्यक्ष पाहू द्यावे म्हणून त्या गप्प राहिल्या असाव्यात. युरोपातल्या मंजिष्ठेच्या भाईबंदाच्या मुळांत मुख्यतः ॲलिझरीन हे लाल रंगद्रव्य असते. ते १८६८ मध्ये जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान यांनी प्रयोगशाळेत बनवल्यावर तिथली त्या मुळांची शेती बसली. आपल्या मंजिष्ठेत मात्र पर्पुरीन आणि मुंजिस्टीन हे घटक अधिक, आणि दुसऱ्याच्या नावात तिचेच नाव दडले आहे.

औषधाबाबत एवढेच, की चरकाने वर्ण उजळणाऱ्या दहा द्रव्यांत हिला स्थान दिले असले, तरी उरलेली मुळे काढा म्हणून घरी उकळू नयेत. वैद्यांना विचारावे, गर्भवतींनी तर विशेषतः, आणि ती पोटात घेतल्यावर लघवीला तांबूस रंग आला तर आधी तिचेच स्मरण करावे. रंगवलेले कापड सावलीत वाळवावे आणि पहिल्या दोन-तीन धुण्यांत वेगळे धुवावे, कारण आमच्या एका पांढऱ्या पंचाचा गुलाबी पंचा झाला आहे.