पहिली रायफल, पहिला स्कोप: आधी हरीण, मग अंतर, मग उजेड

कॅलिबर, म्हणजे नळीचा व्यास, कुठलं घेऊ? पहिल्यांदा रायफल घेणारा जो भेटतो तो हेच विचारतो. माझ्या मते हा प्रश्न बराच नंतरचा. आधी ठरवायचं ते हे, की कुठल्या हरणावर, किती अंतरावरून आणि किती उजेडात गोळी झाडायची आहे. एवढं पक्कं झालं की निम्मी दुकानदारी आपोआप गळून पडते.

मी स्कॉटलंडमध्ये, पर्थशायरला राहते आणि वृक्षलागवडीच्या कामात आहे. रोवन, बर्च, स्कॉट्स पाइनची रोपं लावायची आणि हिवाळा सरल्यावर त्यांचे शेंडे खुडलेले बघायचे, हे आमच्या कामात नेहमीचंच. लांडगा इथून दोन-तीन शतकांपूर्वीच नाहीसा झाला, लिंक्स हे मोठं रानमांजर त्याच्याही आधी. हरणांची संख्या आता दहा लाखांच्या आसपास असावी असं मानतात. माणसाने संख्या आवरली नाही तर जंगल पुन्हा उभं राहणार नाही, हे मी रोज डोळ्यांनी बघते. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. इथली गोष्ट निराळी आहे. माझ्या आईला हे पटायला वेळ लागला, पण खुडलेल्या रोपांचे फोटो पाहिल्यावर तिने विषय काढणं सोडलं.

तर हरीण कुठलं? आमच्याकडे मुख्यतः दोन जाती, रो आणि रेड. रो म्हणजे वीस-पंचवीस किलोचं चपळ जनावर, तर रेडची मादीसुद्धा त्याच्या तिप्पट-चौपट भरते. कायदा दोघांना वेगळं मोजतो. स्कॉटलंडमध्ये रोसाठी गोळी किमान ५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), नळीतून बाहेर पडतानाचा वेग सेकंदाला किमान २४५० फूट आणि ऊर्जा किमान १००० फूट-पाउंड लागते. बाकीच्या हरणांसाठी वेगाची अट तीच, ऊर्जा मात्र किमान १७५० फूट-पाउंड. गोळीच्या वजनाची अट १०० ग्रेन होती, ती २०२३ च्या दुरुस्तीने ८० वर आली, म्हणजे शिसं नसलेल्या हलक्या तांब्याच्या गोळ्याही चालतात. इंग्लंडचे नियम वेगळे आहेत. तिथे सर्वसाधारणपणे किमान .२४० इंच कॅलिबर आणि १७०० फूट-पाउंड ऊर्जा लागते, मुंटजॅक आणि चायनीज वॉटर डिअर या छोट्या हरणांसाठी अट सैल आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना जाणार असाल तर दोन्हींपैकी कडक आकडा धरून चाला.

अंतराच्या बाबतीत मी हट्टी आहे. दीडशे मीटरच्या पलीकडे मी गोळी झाडत नाही. हरणाच्या छातीत हृदय-फुप्फुसांची जी जागा असते, तिच्या मधोमध दहा सेंटिमीटरचं वर्तुळ कल्पायचं आणि थंड हातांनी, धापा टाकत असताना, पहिलीच गोळी त्यात बसली पाहिजे. डीएससी लेव्हल वन या इथल्या हरीण-शिकारीच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेतही शंभर मीटरवर झोपून मारलेल्या तीन गोळ्या चार इंचांत बसवायला सांगतात, ते उगाच नाही. जखमी होऊन दरीत उतरलेलं जनावर शोधत फिरणं हे या कामातलं सगळ्यात वाईट आहे, आणि ते टाळणं एवढाच रायफल निवडण्याचा खरा निकष आहे. चारशे मीटरचे व्हिडिओ बघून खरेदीला निघू नका.

आता कॅलिबर. नवशिक्याला इथे बहुतेक जण .२४३ (हे इंचातलं माप) सुचवतात आणि त्यात गैर काही नाही. धक्का कमी, काडतुसं सगळीकडे मिळतात, रोसाठी उत्तमच. रेडसाठी मात्र एक हिशेब करून बघा. १०० ग्रेनची गोळी सेकंदाला २९६० फुटांनी निघाली तर ऊर्जा १९४० च्या पुढे जाते, पण पाकिटावरचा तो वेग लांब नळीचा असतो. वीस इंची नळीतून तीच गोळी २८०० फुटांनी निघाली तर ऊर्जा १७४१ भरते, म्हणजे कायद्याच्या रेषेच्या खाली. आखूड नळीची .२४३ घ्यायची असेल तर क्रोनोग्राफवर वेग मोजून घ्या. .३०८ मध्ये ही चिंताच नाही, पण हलक्या रायफलीतून तिचा धक्का जाणवतो. माझ्यासारख्या पाच फुटी बाईच्या खांद्याला तर नक्कीच. धक्क्याची धास्ती एकदा मनात बसली की चाप ओढताना डोळे मिटायला लागतात, आणि ती सवय मोडणं फार अवघड.

मी ६.५×५५ घेतली (हे आकडे मिलिमीटरमधले). स्वीडनमध्ये शंभराहून जास्त वर्षं या काडतुसाने मूस हे प्रचंड हरीण मारतात, आणि मूसपुढे आमची रेड हरणं लहानच. १४० ग्रेनची लांब, सडपातळ गोळी सेकंदाला २६०० फुटांनी निघाली तरी ऊर्जा २१०० च्या घरात असते आणि धक्का सोसवतो. ६.५ क्रीडमोर घेतलीत तरी मी नावं ठेवणार नाही. दोघींत हरणाला फरक कळत नाही.

कॅलिबरचा निर्णय इथे दुकानात होत नाही, पोलिसांच्या अर्जावर होतो. फायरआर्म सर्टिफिकेटवर, म्हणजे बंदुकीच्या परवान्यावर, प्रत्येक रायफलीचं कॅलिबर लिहिलेलं असतं, त्यामुळे ६.५×५५ ची परवानगी हातात असताना समोर स्वस्तात .३०८ दिसली तरी घेता येत नाही. अर्जात कारण द्यावं लागतं, दोन ओळखीची माणसं द्यावी लागतात, डॉक्टरांकडून माहिती जाते, घरी अधिकारी येऊन रायफल ठेवायचं कपाट बघून जातात. कपाट भिंतीला बोल्टने पक्कं हवं आणि किल्ली कुठे असते ते घरातल्या दुसऱ्या कोणालाही माहीत नको. रायफल घेतल्यावर सात दिवसांच्या आत पोलिसांना कळवायचं. हे सगळं जाचक वाटतं असं काही जण म्हणतात. मला नाही वाटत. आलेल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे, नीट प्रश्न विचारले आणि मला ते योग्यच वाटलं.

अर्ज मार्गी लागेपर्यंतच्या काळात दुसऱ्यांच्या रायफली हाताळून बघा. इथे एस्टेट रायफलची पद्धत आहे. जमिनीच्या मालकाच्या किंवा स्टॉकरच्या, म्हणजे तिथल्या हरीण-शिकाऱ्याच्या, उपस्थितीत त्यांची रायफल वापरता येते. मी ज्यांच्याकडे शिकले त्या जुन्या स्टॉकरांनी मला आधी त्यांची .३०८ दिली, आणि तिथेच मला कळलं की माझा प्रश्न कॅलिबरचा नाही, दस्त्याचा आहे.

ही गोष्ट सविस्तर सांगते, कारण कमी उंचीच्या माणसांना, विशेषतः बायकांना, हे कोणी सांगत नाही. रायफलीचा दस्ता साधारण सहा फुटी पुरुषाच्या मापाने बनतो. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर चौदा इंचांच्या आसपास असतं. माझा हात तेवढा लांब नाही. मग मान पुढे ताणायची, डोळा तरीही स्कोपपासून, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीपासून, लांब राहायचा, आणि त्यात हिवाळ्यातलं जाड जाकीट घातलं की अंतर आणखी वाढायचं. दुकानात गेलात की हे करून बघा: रायफल रिकामी असल्याची स्वतः डोळ्यांनी खात्री करा, विक्रेत्याची परवानगी घ्या, शिकारीला घालणार तेच जाकीट घाला. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल सहज टेकेल तिथे टेकवा आणि मग डोळे उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल, स्वच्छ चित्र दिसलं तर ती रायफल तुमच्या मापाची. कडेला काळी चंद्रकोर दिसली, किंवा चित्र शोधायला मान हलवावी लागली, तर नाही. विक्रेता म्हणेल, होईल सवय. होत नाही. हरीण समोर तीन-चार सेकंद उभं राहतं आणि त्यातले दोन मान हलवण्यात जातात.

यामुळेच मी नवी सिंथेटिक दस्त्याची रायफल न घेता अक्रोडाच्या लाकडी दस्त्याची जुनी साको ७५ घेतली. प्लास्टिकचा दस्ता पावसाला चांगला, पण आतून पोकळ, कापणं कटकटीचं. लाकूड गनस्मिथ सहज कापतो. त्याने दस्ता आखूड केला, मागे मऊ रबरी पॅड बसवलं, आणि रायफल एकदम माझी झाली. ओल्या हवेत लाकडाची निगा राखावी लागते, ती मी राखते. प्रत्येक फेरीनंतर पुसायची, सुकवायची, अधूनमधून तेलाचा हात फिरवायचा. नवीच घ्यायची असेल तर टिक्का टी३एक्स किंवा होवा १५०० या दोन्ही भरवशाच्या आहेत. टिक्काचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, असा सरकतो की हाताला जाणवतसुद्धा नाही.

जुनी घेताना नळीच्या तोंडाशी मॉडरेटरसाठी, म्हणजे आवाज दाबणाऱ्या नळकांड्यासाठी, आटे पाडलेले आहेत का ते बघा. असतील तर त्यावर प्रूफचा, म्हणजे नळीच्या मजबुतीच्या चाचणीचा, शिक्का हवा, कारण आटे पाडल्यावर नळी पुन्हा प्रूफ हाउसकडून तपासून घ्यावी लागते. मॉडरेटर घ्याच. तुमचे आणि सोबतच्या कुत्र्याचे कान वाचतात, धक्काही बराच कमी होतो. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे सेफ्टी कॅचचा आवाज. शांत झाडीत सत्तर मीटरवरच्या रोला तो टक् ऐकू जातो. दोन बोटांत धरून हळू सोडता येतो का, ते दुकानातच तपासा.

आता स्कोप. पैशाचं वाटप विचाराल तर रायफलीइतकेच स्कोपला ठेवा, ओढाताण झाली तर रायफल जुनी घ्या. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल पिढ्यान्‌पिढ्या चालते, आणि शंभर मीटरवर साध्यातली साधी रायफलसुद्धा आपल्यापेक्षा अचूक असते. काच मात्र संधिप्रकाशात उघडी पडते. कायद्याने सूर्योदयाआधी एक तास ते सूर्यास्तानंतर एक तास एवढी मुभा आहे, आणि हरणं नेमकी त्या कडेच्या वेळेलाच बाहेर येतात. दुपारी दुकानाच्या दारातून समोरच्या छपराकडे बघून सगळे स्कोप सारखेच वाटतात. संध्याकाळी उशिरा जा आणि झाडीच्या सावलीतल्या बुंध्याकडे बघा.

इथे एक भागाकार कामी येतो. पुढच्या काचेचा व्यास (मिलिमीटरमध्ये) भागिले मोठेपणा (चित्र किती पट मोठं दिसतं ते), म्हणजे डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. ८×५६ ला, म्हणजे आठपट मोठेपणा आणि ५६ मिलिमीटरची काच असलेल्या स्कोपला, ती ७ मिलिमीटर, आणि अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण तेवढीच उघडते. ३-९×४० स्कोप ९ वर ठेवलात तर झोत जेमतेम ४.४ मिलिमीटरचा, पण तोच ६ वर आणला की ६.७. म्हणून अंधारायला लागलं की मोठेपणा कमी करायचा. पुष्कळ जण नेमकं उलट करतात, आणि चांगल्या स्कोपला मंद म्हणून दोष देतात.

८×५६ हा इथला जुना लाडका स्कोप, आणि त्याच्यातून खरंच जास्त तपशील दिसतो. पण ५६ मिलिमीटरची काच नळीला लागू नये म्हणून स्कोप उंच बसवावा लागतो, आणि माझा गाल दस्त्यावरून सुटून अधांतरी राहतो. म्हणून मी श्मिट अँड बेंडरचा ६×४२ घेतला, तोही वापरलेला. भागाकार करा, झोत तोच, ७ मिलिमीटर. चित्र थोडं लहान, पण स्कोप खाली बसतो, गाल टेकतो, फिरवायला रिंग नाही, विसरायला काही नाही. दीडशे मीटरपर्यंत सहापट पुरते. क्रॉसहेअर, म्हणजे आतल्या नेमाच्या रेषा, नंबर चारचं घ्या. तीन बाजूंच्या जाड पट्ट्या अंधुक उजेडातही दिसतात आणि बारीक मध्य हरीण झाकत नाही.

माउंटवर, म्हणजे स्कोप रायफलीला पकडणाऱ्या जोडणीवर, पैसे वाचवू नका. साकोला वरच्या बाजूला स्वतःची निमुळती खाच (डव्हटेल) असते, तिला साकोचंच ऑप्टिलॉक माउंट लावा. स्कोप बसवताना डोळा आणि काच यांत आठ-नऊ सेंटिमीटर अंतर ठेवा आणि ते झोपून तपासा, उभ्याने नाही. चढावर नेम धरताना डोकं आपोआप पुढे सरकतं आणि स्कोपची कड भुवईवर बसते.

उरलेले पैसे काडतुसांना. शिशाच्या गोळ्या टप्प्याटप्प्याने बंद करायचं सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलं आहे, त्यामुळे आज रायफल घेणाऱ्याने पहिल्या दिवसापासून तांब्याचीच गोळी धरावी असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच वजनाची तांब्याची गोळी जास्त लांब असते, आणि प्रत्येक नळीला ती मानवतेच असं नाही. दोन-तीन कंपन्यांची एकेक पेटी आणा, शंभर मीटरवर प्रत्येकीच्या तीन-तीन गोळ्या मारा, मधल्या वेळात नळी गार होऊ द्या. जिच्या तिन्ही गोळ्या एकमेकींच्या सगळ्यात जवळ बसतील ती निवडा आणि स्कोप असा जुळवा की शंभर मीटरवर गोळी नेमाच्या अडीच सेंटिमीटर वर लागेल, म्हणजे दीडशे मीटरपर्यंत नेम हलवावा लागत नाही. मग त्याच लॉटच्या, सर्टिफिकेटवरच्या मर्यादेत बसतील तितक्या पेट्या एकदम घेऊन टाका.