घरचं काही देऊ का?

आयसीयूतल्या पेशंटला घरचं काही द्यावं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आयसीयूच्या दाराशी स्टीलचा डबा घेऊन उभे असलेले नातेवाईक आहारतज्ज्ञ म्हणून मला रोज हेच विचारतात: "मॅडम, नाकातून पोटात घातलेल्या नळीतून घरचं काही देऊ का? निदान डाळीचं पाणी, नारळपाणी?"

बहुतेकदा मी नको म्हणते आणि समोरचा चेहरा उतरतो. दोन दिवस बाहेरच्या बाकड्यावर काढलेल्या माणसाला स्वतःच्या हाताने करण्यासारखं तेवढंच उरलेलं असतं, हे मलाही कळतं. पण नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर. मूत्रपिंडं थकलेल्या पेशंटमध्ये ते साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. डाळीच्या पाण्यात नाव तेवढं डाळीचं, डाळ पातेल्याच्या तळाशी. मिक्सरमधून काढलेलं सूप नळीत अडकतं, आणि पोटात नक्की काय किती गेलं याचा हिशेब लागत नाही. माझी तर सगळी नोकरीच हिशेबाची! साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण 75 ग्रॅम प्रथिनं लागतात, पण तीही चढत्या क्रमाने. बरेच दिवस पोटात काही नसलेल्याला एकदम भरपूर दिलं की रक्तातलं फॉस्फेट, म्हणजे शरीराला लागणारा एक क्षार, धोकादायकरीत्या कोसळतं. तेव्हा पहिल्या दिवशी नळीतून तासाला 20 मिलीच अन्न जाताना पाहून "एवढंसंच?" म्हणून घाबरू नका.

स्नायू मात्र तोवर थांबत नाहीत. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या एका अभ्यासात आयसीयूतल्या पेशंटच्या मांडीचा स्नायू अल्ट्रासाउंडने मोजला, तर दहा दिवसांत जवळपास 18 टक्के आटलेला. सुरुवातीला मला वाटायचं, प्रथिनं वाढवली की भरून निघेल. तसं होत नाही. 2023 च्या एका मोठ्या चाचणीत जादा प्रथिनांचा फायदा दिसला नाही. मूत्रपिंड बिघडलेल्यांना तर अपायच झाला असावा, असं दिसलं. स्नायूला अन्नाबरोबर कामही लागतं. म्हणून मी रोज फिजिओथेरपिस्टला विचारते, "आज पलंगाच्या कडेला बसवलं का?" तुम्हीही तेच विचारा. मात्र घाई करायला लावू नका, त्यानेही नुकसान होतं. आणि डब्याऐवजी चष्मा आणा, कानाचं यंत्र आणा. माणूस जागा झाला, त्याला दिसलं-ऐकू आलं, की बसवणंही सोपं जातं.

घरी गेल्यावर सगळं उलटं होतं. आता मी डब्याच्या मागे लागते आणि घरचे पेजेच्या! एक काकू काकांना तीन आठवडे तांदळाची पेज आणि साबुदाण्याची खीर देत होत्या, "पचायला हलकं" म्हणून. काका अजून भिंत धरून चालत होते. गिळायला त्रास नाही, मूत्रपिंडं ठीक, हे बघून घेतलं आणि म्हटलं, अंडं द्या, पिठलं द्या, दही, मटकीची उसळ, आणि खात असतील तर मासे.

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "अहो, पण तेव्हा घरचं नको असं तुम्हीच तर म्हणाला होतात!"