मार्चअखेर आणि न बोलणारी मुलगी

मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली ती दुपार डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे. मी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात कंत्राटी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. जिल्हा कुठला ते सांगणार नाही, आणि मुलीची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आमच्या ओपीडीत मुलं उपचारासाठी कमी आणि दाखल्यासाठी जास्त येतात. दिव्यांग बोर्डाच्या दिवशी रांग जिन्यापर्यंत जाते. बुद्ध्यांक काढा, टक्के लिहा, पुढचा केसपेपर घ्या. ही मुलगीही त्याच रांगेतून आली. आठ वर्षांची, दुसरीत. शाळेचं पत्र सोबत होतं: 'सदर विद्यार्थिनी वर्गात काहीही बोलत नाही, तरी मतिमंद असल्याचा दाखला मिळावा.' आईवडील ऊसतोडीला गेलेले, सोबत आजी. आजी म्हणाल्या, "म्याडम, घरी हिचं तोंड मिटत न्हाई. शाळंचं दार आलं की कुलूप."

बहुतेक ठिकाणी अशा मुलांची बिने-कामत ही बुद्ध्यांकाची चाचणी होते. व्ही. व्ही. कामतांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, तीही स्वातंत्र्याच्या आधी. काम मोठं आहे, आजही उपयोगी आहे. पण तिचा बराच भाग तोंडी आहे. गप्प मुलापुढे ती ठेवली की जो आकडा हाती येतो, त्यात बुद्धी किती आणि भीती किती हे कुणालाच सांगता येत नाही. तरी तोच आकडा दाखल्यावर चढतो आणि पोर जन्मभर तो घेऊन फिरतं. घाईत काढलेल्या अशा दाखल्यांचा मला मनापासून राग आहे.

म्हणून मी सेग्विनचा फॉर्म बोर्ड काढला. दहा लाकडी ठोकळे आपापल्या खाचेत बसवायचे, तीनदा, त्यातली सगळ्यात कमी वेळ लागलेली खेप धरायची. बोलायचं काहीच नाही. तिसऱ्या खेपेला तिचा हात ठोकळ्याकडे न बघताच जात होता. मग रेव्हनच्या रंगीत आकृत्या, छत्तीस. चित्रातला तुटका तुकडा कुठला, ते नुसतं बोटाने दाखवायचं. शेवटी आजींना विचारून सामाजिक परिपक्वतेची प्रश्नावली भरली. नात दुकानातून सामान आणते, उरलेले पैसे मोजून घेते, धाकट्याला आंघोळ घालते. आजींनी मोबाइलवरचा एक व्हिडिओही दाखवला. त्यात हीच मुलगी शेळीवर खणखणीत आवाजात ओरडत होती. बुद्धी वयाला साजेशी, आकृत्यांमध्ये तर वयाच्या पुढे.

निदान सिलेक्टिव्ह म्युटिझम. घरी बोलणारं मूल शाळेत किंवा परक्यांसमोर बोलूच शकत नाही. शिक्षकांना तो हट्ट वाटतो. 2013 पासून डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत, त्याची गणना चिंतेच्या विकारांमध्ये होते आणि रोज बघणाऱ्याला त्यात काही नवल वाटत नाही. अशा मुलीला 'बोल गं, बोल' म्हणणं म्हणजे घसा आणखी आवळणं.

उपचारात औषधापेक्षा जागा आणि माणूस लागतो. आधी आजी आणि नात बंद खोलीत खेळतात, मी बाहेर. मग दार किलकिलं. मग मी आत, पण पाठमोरी, फाइल भरत. मग तिच्या बाजूला वळून, पण तिच्याकडे न बघता, नुसतं 'हा ठोकळा मोठा दिसतोय' असं स्वतःशीच म्हणत. प्रश्न विचारायचा नाही. पहिला शब्द आला तरी चेहऱ्यावर फार आनंद दाखवायचा नाही, कारण सगळ्यांचं लक्ष आपल्याकडे वळलंय हे कळलं की मूल परत मिटतं. तीच खोली, तीच वेळ, तोच माणूस. पायरी घाईने ओलांडली की दोन पायऱ्या मागे. या कामाचा मला अभिमान आहे. ते बाहेरून काहीच न केल्यासारखं दिसतं, हेही मला माहीत आहे.

खोली मिळाली ती जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या मागची. हे केंद्र राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं. तो कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्याच पालघरमधून सुरू झाला, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीसाठी. केंद्रात वाचा उपचारतज्ज्ञाचं पद मंजूर आहे आणि रिकामं आहे. त्या मानधनात कुणी रुजू होत नाही, झालं तर टिकत नाही.

आजी मजुरी बुडवून एसटीने यायच्या. त्या दुपारी त्या आणि नात रंगीत ठोकळे लावत होत्या, मी खिडकीशी. मी मुद्दाम लाल ठोकळा उचलला आणि पुटपुटले, "इथे हा बसेल बहुतेक." आणि मागून आवाज आला. "ह्यो न्हाई. निळा." मला उद्देशून. आजीला नाही, मला. मी निळा घेतला, ठेवला, पुढचा उचलला. आणखी एखाद-दोन मिनिटं तशीच मिळाली असती, तर ती पायरी पक्की झाली असती.

तेवढ्यात दार ठोठावलं आणि उघडलंच. भांडारपाल, दोन कामगार, ढकलगाडीवर खोकी. जनजागृतीचं साहित्य आलं होतं: स्टँडी, फ्लेक्स, टोप्या, टी-शर्ट. कुलूप लागणारी रिकामी खोली हीच. मी दारात आडवी उभी राहिले, अर्धा तास मागितला. भांडारपाल म्हणाले, "म्याडम, साठा नोंदवहीत नोंद झाल्याशिवाय देयक कोषागारात जात नाही. निधी व्यपगत झाला तर उत्तर कोण देणार?" ते वाईट माणूस नाहीत. पैसे परत गेले तर त्यांना ज्ञापन मिळतं. मुलीची पायरी गेली तर कुणालाच काही मिळत नाही. खोकी आत आली. मुलगी आजीच्या पदरात तोंड खुपसून बसली आणि त्या दिवशी पुन्हा तिचा आवाज आला नाही.

'सरकारकडे पैसा नाही' हे वाक्य मी आता ऐकून घेत नाही. पैसा होता. माझ्या डोळ्यांसमोर ढकलगाडीवरून तो आला. फक्त तो 31 मार्चच्या आत संपवता येईल आणि फोटोत दिसेल, अशाच गोष्टीवर खर्च होऊ शकत होता. हा एका कार्यालयाचा दोष नाही. 'बेटी बचाओ, बेटी पढाओ'चं उदाहरण सर्वांसमोर आहे. 2016 ते 2019 या काळात राज्यांना दिलेल्या सुमारे 447 कोटींपैकी 78.91 टक्के रक्कम केवळ प्रसिद्धीवर गेली, असं संसदेच्या महिला सक्षमीकरण समितीने डिसेंबर 2021 मध्ये मांडलं. समितीच्या अध्यक्ष नंदुरबारच्या तेव्हाच्या खासदार हीना गावित, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्याच. मार्चमधली ही धावपळही दिल्लीला ठाऊक आहे. शेवटच्या तिमाहीत 33 टक्क्यांहून आणि मार्चमध्ये 15 टक्क्यांहून जास्त खर्च करू नका, असा केंद्रीय अर्थ मंत्रालयाचाच दंडक आहे. तरी दरवर्षी फेब्रुवारी उलटला की निधी सुटतो आणि 'लगेच खर्च करा' असे फोन येतात.

दुसरीकडे, 2021-22 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मानसिक आरोग्यासाठी 597 कोटी होते. त्यातले 500 च्या आसपास एकट्या बंगळूरच्या निम्हान्स या केंद्रीय मानसिक आरोग्य संस्थेला, आणि राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाला 40. निम्हान्सला मिळू नयेत असं मी म्हणत नाही, तिथूनच आम्ही सगळे शिकतो. पण आठ वर्षांची मुलगी बंगळूरला जात नाही. ती तालुक्याच्या एसटीने माझ्याकडे येते. निम्हान्सच्याच 2015-16 च्या सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण सुमारे 7.3 टक्के आलं. सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, आणि तेराच्या खालचं मूल मोजलंच गेलं नाही. जे मोजलं जात नाही त्याच्यासाठी लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, उघडत नाही.

आमच्या मासिक अहवालातही तेच. रॅली काढली की तासाभरात शाळाभर मुलं 'लाभार्थी' म्हणून चढतात. ही मुलगी कितीही वेळा आली तरी 'जुना रुग्ण' या रकान्यात एक. आढावा बैठकीत आमच्या वरिष्ठांना रॅलीचा आकडा विचारतात, म्हणून ते मला रॅलीचा आकडा विचारतात. त्यांच्यावर रागावून उपयोग नाही, तरी मी रागावते.

दाखला मी दिला नाही. शाळेला लिहिलं की मुलगी बुद्धीने सामान्य आहे, तिला पाटीवर उत्तर लिहू द्या, सगळ्यांसमोर उभं करू नका. वर्गशिक्षिकेने ते खरंच पाळलं, फोन करून शंका विचारल्या. अशी माणसं भेटतात म्हणून हे काम चालतं. पण पुढच्या वेळी मुलगी पुन्हा पाठमोरीच्या पायरीवर होती. त्यानंतर माझं कंत्राट संपलं, दोन कंत्राटांमधला तांत्रिक खंड पडला आणि नवीन आदेश उशिराने निघाला. मधल्या काळात मी ओपीडीत बसले, बिनआदेशाची, कारण आजींना 'येऊ नका' कोणत्या तोंडाने सांगणार?

पुढच्या वर्षीच्या आराखड्यात मी तीन गोष्टी मागितल्या होत्या: मुलांसाठी राखीव एक खोली, टिकेल इतक्या पगाराचा वाचा उपचारतज्ज्ञ, आणि मुलासोबत येणाऱ्या पालकाचं एसटी भाडं. 'मार्गदर्शक सूचनांमध्ये बसत नाही' असा शेरा मारून कागद परत आला. तो मी पुन्हा पाठवला आहे. या वेळी सोबत मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 18 जोडलं आहे. सरकारने पुरवायच्या सेवांच्या यादीत मुलांच्या मानसिक आरोग्य सेवा तिथे स्पष्ट लिहिलेल्या आहेत. त्या ओळीखाली मी लाल पेनने रेघ मारली आहे आणि आवक क्रमांक घेऊन ठेवला आहे.