तो फोटो दिवाळीचा नाही

बैठकीतला फोटो पाहिला की नवीन माणूस हमखास विचारतो, "दिवाळीचा ना?" दारात रांगोळी, वर कंदील, नऊवारीतली आजी, तिच्या हातात करंज्यांचं ताट. कुणालाही तसंच वाटेल. तुम्हीही तेच विचाराल म्हणून सांगते, तो आमच्या इंदूरच्या घरचा नाताळ आहे, १९७४ सालचा. कंदील नीट बघा, पाच टोकांची चांदणी आहे. बाबांनी कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन रात्री जागून केलेली.

आजीचं माहेर नगरचं. तिथे अमेरिकन मिशन १८३१ पासून, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं तिला तोंडपाठ. लग्न होऊन ती इंदूरला आली. इथलं मिशन कॅनडाचं, १८७७ पासूनचं, आणि आम्ही जायचो त्या चर्चमधली उपासना हिंदीत. रविवारी आजी मनापासून हिंदीत गायची. पण नाताळच्या पहाटे घरी पेटी निघायची आणि टिळकच व्हायचे. ख्रिस्ती असणं आणि मराठी असणं मला कधी दोन गोष्टी वाटल्या नाहीत, त्या या पहाटांमुळे.

फोटो काकाच्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीवर काढलेला. एका रोलमध्ये १२ फोटो, त्यातला एकच सगळ्यांचा. उन्हाकडे तोंड करून उभं केल्यामुळे सगळ्यांचे डोळे बारीक झालेत. डावीकडून दुसरी मी, ताईच्या स्वेटरात, बोटं बाह्यांत बुडालेली.

पण बघायचं ते ताट. भिंग धरलंत तर काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव दिसेल. ते आमच्या घरातलं नाही, शेजारच्या काकूंच्या सासूबाईंचं आहे. त्यातून दिवाळीचा फराळ आला होता. ताट रिकामं परत करायचं नाही, म्हणून आजीने ते चिंचेने लख्ख घासून दीड महिना फडताळात ठेवलं होतं. काकूंनीही कधी मागितलं नाही. फोटो झाल्याझाल्या मी आणि दादा क्रोशाचा रुमाल झाकून ते पोचवायला गेलो, तर काकू दारातच उभ्या. "वाटच बघत होते रे. आजींच्या सारणात खसखस असते ना!"

पुढची कितीतरी वर्षं ते ताट असंच जात-येत राहिलं. मग एका दिवाळीला फराळ घेऊन आलं आणि नाताळाच्या आधीच शेजारच्या काकांची बदली झाली, जबलपूरला. ताट राहिलं ते राहिलंच. आता माझ्याकडे आहे. तळणीतल्या पहिल्या करंज्या मी त्यातच काढते.