पूल असताना बोट कशाला?

"पूल आहे ना भाऊ, मंग गाडी बोटीत काहून घालाची?" सीताबर्डीवर चहा पिताना कोचीच्या गाडी नेणाऱ्या बोटीचा विषय निघाला, तेव्हा आलेला हा प्रश्न दिवसभर डोक्यात फिरतोय.

नागपूरहून सेलमपर्यंत ४४ नंबर हायवे, पुढे ५४४ नंबर हायवेनं कोइम्बतूर, पालक्काडवरून कोची. शहराचा जुना भाग फोर्ट कोची, त्याच्या समोर वायपिन बेट, मासेमारांचं. गोश्री पुलांनी जायचं तर एर्नाकुलमच्या गर्दीतून वळसा. फोर्ट कोचीहून रो-रो बोटीनं, म्हणजे गाडी थेट चढवता-उतरवता येते अशा बोटीनं, मात्र काही मिनिटांत पार.

गोची असते ती चढताना. ओहोटीला पाणी उतरतं, रॅम्पचा उतार वाढतो आणि खालच्या सांध्यावर पुढचा बंपर घासतो. फटफटीवाल्यांना काय, ते सुर्रकन जातात! कार असेल तर पहिल्या गिअरमध्ये, एका दमात पण हळू. रॅम्प ओला, शेवाळलेला असतो. मध्येच थांबून एकदम रेस दिली की चाक जागच्या जागी फिरतं.

आत गेल्यावर इंजिन बंद, हँडब्रेक वर, गाडी पहिल्या गिअरमध्येच. आरसे दुमडा, शेजारची गाडी वीतभरच लांब असते. परतल्यावर गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवा. खारं पाणी आधी सायलेन्सर खातं.

आपल्याकडे अंबाझरी तलावात पॅडल मारणाऱ्यांना हे कसं पटवायचं?