सहा नाटकांचे पुरावे, एक भारूड आणि एनएसडीचा प्रवेश

दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात (एनएसडी) प्रवेश कसा मिळतो हे विचारायला आमच्या मराठवाड्यातल्या मुलामुलींचे फोन येतात. पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: ‘स्वगत कोणतं बसवू?’ माझी खरी धावपळ त्याआधीच सुरू झाली होती, कागदांपासून. मी अर्ज भरला तेव्हाच्या अटी अशा होत्या: कोणत्याही शाखेची पदवी, वयाची मर्यादा, हिंदी-इंग्रजीची कामापुरती जाण आणि किमान 6 नाटकांतला सहभाग. त्या सहभागाचे पुरावे जोडायचे आणि नाट्यक्षेत्रातल्या जाणकाराचं शिफारसपत्रही.

नाटकं केलेली होती. युवक महोत्सवातल्या एकांकिका, हौशी राज्य नाट्य स्पर्धेतली दोन नाटकं, गावातलं पथनाट्य. पण हौशी रंगभूमीवर प्रयोग संपला की कार्यक्रमपत्रिका कुठे जाते, फोटो कुणाच्या फोनमध्ये राहतात, याचा हिशोब कुणी ठेवत नाही. आमच्या दिग्दर्शक सरांनी मात्र जुन्या पत्रिकांची पिशवी जपून ठेवली होती. आमच्या लातूरच्या नाटकाचा इतिहास लिहायला बसलं तर पहिलं साधन म्हणून हीच पिशवी हाती घ्यावी लागेल.

प्राथमिक चाचणीसाठी मुंबई केंद्र मिळालं. तयारी होती दोन स्वगतांची आणि एका गाण्याची. एक स्वगत ‘अंधा युग’मधल्या अश्वत्थाम्याचं. धर्मवीर भारतींचं हे नाटक विद्यालयाचे तेव्हाचे संचालक इब्राहिम अल्काझींनी 1963 साली फिरोजशाह कोटल्याच्या भग्नावशेषांत केलं होतं, तेव्हापासून या विद्यालयाशी ते जोडलं गेलंय. साहजिकच बाहेरच्या व्हरांड्यात निम्मे उमेदवार अश्वत्थामाच पुटपुटत होते! सरांनी माझ्याकडून महिनाभर फक्त उच्चार घोटून घेतले होते. आपण मराठी माणसं ‘और’चा ‘अऊर’ करतो, ‘मैं’ला ‘मइं’ म्हणतो. हिंदी ऐकणाऱ्या कानाला ते लगेच खटकतं.

परीक्षकांनी अर्ध्यातच थांबवलं. तेच बोल खाली बसून, आवाज न चढवता, समोरच्या एकाच माणसाला सांगा म्हणाले. आरडाओरड काढून घेतल्यावर त्या ओळींमधला अपमान मला पहिल्यांदा नीट कळला. मग गाणं. मी एकनाथांचं भारूड म्हटलं आणि खरी चाचणी तिथे सुरू झाली असं मला आजही वाटतं. भारूड सादर करणारा उभा कुठे राहतो? टाळकरी नुसते साथ करतात की पात्र होतात? प्रेक्षक तीन बाजूंना बसतात की समोर? मी लहानपणापासून भारुडं पाहत आलोय, त्यामुळे उत्तरं आपोआप येत गेली. या लोकांना माझ्या गळ्यापेक्षा माझ्या डोळ्यांत रस होता.

अंतिम निवड दिल्लीत झाली, काही दिवसांच्या कार्यशाळेतून. मंडी हाउसच्या चौकात उतरलं की कमानी, श्रीराम सेंटर, त्रिवेणी अशी नाट्यगृहं, कलाकेंद्रं सगळं हाकेच्या अंतरावर, आणि भगवानदास रोडवर बहावलपूर हाउस, म्हणजे आमचं विद्यालय. सकाळी शरीराचे व्यायाम, मग आवाज, मग गटात प्रसंग उभे करणं. माझ्या गटात एक मणिपूरची मुलगी होती, एक बिहारचा मुलगा, एक केरळचा. चौघांची हिंदी चार तऱ्हांची. आम्हाला वर्तमानपत्रं आणि दोरी देऊन पुराची रात्र उभी करायला सांगितली. मणिपूरच्या मुलीने बोलणं टाळून दोरीचीच नदी केली आणि आम्ही तिघं निमूट तिच्यामागे गेलो. तज्ज्ञ वहीत लिहीत होते. प्रसंगात आपली पाळी नसताना आपण काय करतो, दुसऱ्याची सूचना कशी घेतो, हे ते फार बारकाईने पाहतात. नवख्यांना मी हेच सांगतो: स्वगत पाठ करा, पण त्याआधी गटात काम करायची सवय लावा.

मुलाखतीत विचारलं, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर काय? मी म्हणालो, परत जाऊन नाटक करीन. यावर कुणी मान डोलावली नाही, उलट प्रश्न वाढले. तालीम कुठे करता? दिवे कुठून आणता? मंडपवाल्याच्या हॅलोजनवर केलेला प्रयोग मी तपशिलात सांगितला आणि मुलाखत त्यातच संपली. यादीत नाव आलं, वैद्यकीय तपासणी, मूळ कागदपत्रं, झालं.

विद्यालयाचं योगदान म्हटलं की लोक नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, इरफान खान ही नावं घेतात. आपल्याकडे रोहिणी हट्टंगडी, अतुल कुलकर्णी. अभिमान वाटावा अशीच नावं आहेत. पण इथे आल्यावर मला दुसरी यादी जास्त मोठी वाटू लागली. रतन थियाम इथून शिकून इंफाळला गेले आणि 1976 मध्ये त्यांनी कोरस रेपर्टरी थिएटर उभं केलं. बन्सी कौल यांनी भोपाळमध्ये ‘रंग विदूषक’ ही नाट्यसंस्था उभी केली. बीडचे वामन केंद्रे इथे शिकले, मुंबई विद्यापीठाच्या अकादमी ऑफ थिएटर आर्ट्सची घडी त्यांनी बसवली आणि 2013 मध्ये ते याच विद्यालयाचे संचालक झाले. बीड आमच्या शेजारचा जिल्हा!

1959 मध्ये संगीत नाटक अकादमीने ही संस्था सुरू केली. तिला शिस्त लावली ती 1962 पासून पंधरा वर्षं संचालक राहिलेल्या अल्काझींनी. त्यांचा जन्म पुण्याचा. त्यांच्या पत्नी रोशन अल्काझींनी भारतीय वेशभूषेचा अभ्यास करून नाटकातल्या कपड्यांना आधार दिला. त्या परंपरेमुळेच पहिल्या वर्षी अभिनेता व्हायला आलेल्यालाही सुतारकाम, प्रकाशयोजना, वेशभूषा, रंगभूषा चुकत नाही. अभिनय की दिग्दर्शन आणि रचना (डिझाइन), ही निवड नंतर. मी प्रकाशाकडे झुकतोय. घरी अजून सांगितलेलं नाही. मुलगा नट होणार असं त्यांनी गावभर सांगून ठेवलंय.

तीन वर्षं दिल्लीत राहणं ज्यांना शक्य नाही, त्यांनी विद्यालयाच्या बेंगळुरू आणि वाराणसी केंद्रांचे एक वर्षाचे अभ्यासक्रमही पाहावेत. आणि अर्ज पुढच्या वर्षी करायचा असला, तरी यंदाच्या प्रत्येक प्रयोगाची पत्रिका आजच जपून ठेवा. त्यावर तुमचं नाव छापलंय ना, तेही तपासा.